अंकातील लेखक

फोन दुपारी आला. मी दवाखान्यात होते, खिडकीसमोर रांग होती, आणि एका आजींना कोणती गोळी जेवणाआधी घ्यायची आणि कोणती नंतर हे तिसऱ्यांदा सांगत होते. नंबर ओळखीचा म्हणून उचलला. "ताई, अंक मिळाला," तो म्हणाला. कागद चांगला आहे, अक्षर मोठं आहे, कवितेच्या ओळी कुठं तुटल्या नाहीत, असं सगळं सांगून झालं. मग जरा वेळ काहीच बोलला नाही. मागं ट्रॅक्टर सुरू असल्याचा आवाज येत होता. "एक विचारू का? रागावणार नसाल तर. माझ्या कवितांत ऊस कुठं होता?"

मी म्हणाले, नंतर फोन करते. त्या दिवशी केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आमचं त्रैमासिक लहान आहे. चार फॉर्म, म्हणजे चौसष्ट पानं, पिन बांधणी. संपादक सर निवृत्त शिक्षक, अंकाचा बराचसा खर्च त्यांच्या पेन्शनमधून जातो, उरलेला वर्गणीतून आणि दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून. माझ्याकडे गेली नऊ वर्षं दोन कामं आहेत: प्रूफं वाचायची आणि शेवटचं पान तयार करायचं. शेवटच्या पानावर 'अंकातील लेखक' असा मथळा असतो आणि खाली प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी. अंक हातात आल्यावर बहुतेक जण आधी ते पान उघडतात, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे. स्वतःचं नाव बघायचं असतं, आणि मग शेजारी कोण बसलंय तेही. मीही मुलगी असताना मासिकं अशीच शेवटून उघडत असे. कोण कुठल्या गावचा, काय करतो, हे वाचून मग त्या माणसाची कथा वाचायला घ्यायची. डोळ्यांसमोर एक चेहरा लागायचा, आणि त्या दोन ओळी तो पुरवायच्या.

त्याच्या पाच कविता आखीव वहीच्या पानांवर निळ्या शाईत आल्या होत्या. पाचपैकी तीन झोपेवरच्या. सगळे झोपलेत आणि एकटा जागा असलेला माणूस बाकीच्यांचे श्वास ऐकतोय, कोणाचा कुठला ते ओळखतोय, एक श्वास मोजणीत कमी पडतो आणि तो उठून बसतो. एवढंच. चौथी कविता त्याच्या मुक्या बहिणीवर होती. पाचवीत फक्त आभाळ. मी त्या दवाखान्यातच वाचल्या, सुट्टीच्या अर्ध्या तासात, आणि वाचून झाल्यावर डबा उघडायचा राहून गेला. सोबत आमचा छापील नमुना त्याने भरून पाठवला होता. नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं नीट. व्यवसाय या शब्दापुढे एक आडवी रेघ. ती रेघ ओढताना त्याने पट्टी वापरली होती, इतकी ती सरळ होती.

एका शब्दाबद्दल शंका होती म्हणून मी त्याला फोन केला तेव्हा तो ओघात म्हणाला, "आता गावाकडं नाही ताई, कारखान्याच्या अड्ड्यावर आहे. टोळीसंगं तोडायलोत. मार्चपर्यंत हितंच." मी ते ऐकलं आणि माझ्या मनात त्या तिन्ही कविता एकदम निराळ्या उजळल्या. झोप म्हणजे फडातून आल्यावरची झोप. श्वास म्हणजे कोपीत, अड्ड्यावरच्या त्या झोपडीत, दाटीवाटीनं झोपलेल्या माणसांचे. मला वाटलं, हे वाचकालाही कळलं पाहिजे. त्याला न विचारता मी शेवटच्या पानावर लिहिलं: 'ऊसतोड कामगार. शिक्षण बारावीपर्यंत. कविता प्रथमच प्रसिद्ध.' सरांनी प्रूफ पाहिलं, मान डोलावली. त्यांनाही ते आवडलं होतं.

त्या अंकावर नऊ पत्रं आली. आमच्या अंकाला नऊ म्हणजे खूप. सहा पत्रं एकट्या त्याच्या कवितांवर होती. मी खुशीत ती एकामागून एक उघडली, आणि चौथ्या पत्राशी आल्यावर लक्षात आलं की एक शब्द सगळीकडे येतोय. ऊसतोड कामगार असूनही इतकी तरल जाणीव. इतकं कष्टाचं जीवन असूनही भाषेवर पकड. शिक्षण कमी असूनही. सगळी मनापासून लिहिलेली पत्रं होती, एका बाईंनी तर त्याला नवी वही पाठवायची म्हणून पत्ता मागितला होता. पण त्या सहा पत्रांत मिळून त्याच्या कवितेतली एकही ओळ कोणी उद्धृत केलेली नव्हती. श्वास मोजण्याबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं. प्राध्यापक असूनही छान लिहिता, असं पत्र मला नऊ वर्षांत एकदाही आलेलं नाही, आणि आमच्या अंकात प्राध्यापक भरपूर असतात.

तो 'असूनही' वाचकांनी आणला होता, पण त्याला दार मी उघडून दिलं होतं.

या नऊ वर्षांत त्या शेवटच्या पानावरून किती माणसं गेली हे कधी मोजलं नाही. एक एसटीचे वाहक आहेत, कथा लिहितात, त्यांच्या परिचयात पद, डेपो आणि बिल्ला क्रमांक छापलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. एकदा जागा कमी पडली म्हणून मी बिल्ला क्रमांक गाळला, तर सरांना त्यांचं दोन पानी पत्र आलं. २०२१च्या हिवाळ्यात संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत गाड्या नीट सुरू झाल्या नाहीत, त्या पाच-सहा महिन्यांत त्यांनी त्यांची सगळ्यात मोठी कथा लिहिली. त्यात एसटी नव्हती. एका न्हाव्याच्या दुकानातली गोष्ट होती. पण परिचयात बिल्ला क्रमांक हवाच होता, आणि त्या दिवसांत तर जास्तच. पगार बंद होता, नोकरी राहते की नाही याचा भरवसा नव्हता, आणि माणूस छापील कागदावर सांगत होता की मी अमुक डेपोचा वाहक आहे. तो अंक त्यांनी वीस प्रती मागवून डेपोत वाटला.

एक बाई आहेत, त्यांचा अंक आम्ही त्यांच्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवतो. घरी लिहिणं माहीत नाही, किंवा माहीत आहे पण चालत नाही, मी कधी खोलात शिरले नाही. टोपणनावानं लिहितात. पहिल्या वेळी मी विचारलं, परिचयात गृहिणी लिहू का, तर त्या फोनवर बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, "तेवढं एकच ठिकाण आहे हो, जिथं मी ती नाही." तेव्हापासून त्यांच्या नावापुढे फक्त 'कथालेखिका' असतं. एक निवृत्त हवालदार होते, ते केवळ पक्ष्यांवर लिहीत. एक तरुण तलाठी आहे, त्याच्या कवितांमध्ये सातबारा आणि फेरफार असे शब्द इतके सहज येतात की व्यवसाय छापायची गरजच पडत नाही. आणि एक कवी होता ज्यानं प्रत्येक वेळी निराळा धंदा कळवला: आधी मोबाइल दुरुस्ती, मग कुरिअर, मग एका शाळेत तासिका तत्त्वावर, मग पुन्हा मोबाइल. चार अंकांची शेवटची पानं शेजारी ठेवली तर एका मुलाची पाच वर्षं दिसतात. त्यानं हल्ली कविता पाठवलेल्या नाहीत.

हे सगळं डोक्यात फिरत होतं आणि मी त्याला फोन करत नव्हते. उत्तर काय द्यायचं ते ठरत नव्हतं. एकीकडे वाटे, मी चूक केली, साधी चूक, विचारायला हवं होतं. दुसरीकडे मनात एक जण हुज्जत घालत होता, आणि त्याचंही म्हणणं पोकळ नव्हतं. तो म्हणे, कुठून आलो हे सांगणं ही या भाषेत सहज मिळालेली गोष्ट नाही. नारायण सुर्व्यांना एका गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलं, ते शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले, हे वजा करून त्यांची कविता वाचायची का? नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होते, आणि १९७२ साली त्यांचा पहिला संग्रह आला तेव्हा मुंबईतली एक अख्खी वस्ती मराठी कवितेत आपल्या भाषेसकट शिरली. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवलं, त्यात लिहिणाऱ्या कित्येकांच्या घरात अक्षर पहिल्यांदाच आलेलं होतं. त्यांच्यासाठी आपलं गाव, आपली वस्ती, आपलं काम छापून येणं म्हणजे दारातून ताठ मानेनं आत येणं होतं. लपवून लिहायचं ते त्यांच्याआधीच्या पिढ्यांनी सोसलं. मग मी जे छापलं ते त्याच ओळीतलं नाही का?

रात्री मी सरांच्या कपाटातल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्याशी बसायला लागले. सुतळीनं बांधलेले, कडा पिवळ्या, उघडले की बोटांना भुकटी लागते आणि नाकात तो जुन्या कागदाचा गोडसर, किंचित कुबट वास. दुसऱ्यांची त्रैमासिकं, अनियतकालिकं, बंद पडलेली कितीतरी. काही सायक्लोस्टाइल केलेली, शाई फाकलेली. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे मंडळींनी १९५४च्या सुमारास 'शब्द' काढलं तेही असंच सायक्लोस्टाइल होतं. पुढं कोलटकर जाहिरातींच्या व्यवसायात नावाजलेले चित्रकार होते, पण त्यांच्या कवितेपाशी येताना आपण त्यांच्या जाहिराती बरोबर घेऊन येत नाही. घेतल्याच तर कुतूहल म्हणून. त्याहून मागं जा. जळगावातून नारायण नरसिंह फडणीस 'काव्यरत्नावली' काढत, नुसत्या कवितेला वाहिलेलं मासिक, त्यात केशवसुतांच्या कविता येत. केशवसुत खानदेशात शाळामास्तर होते, नोकरीसाठी गावोगाव फिरले, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेले. छापलेल्या नावात यातलं काहीच नव्हतं. कृष्णाजी केशव दामले हेही त्यात नव्हतं. केशवाचा मुलगा, एवढीच ओळख स्वतःची म्हणून त्यांनी ठेवली.

आणि आरती प्रभू. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खाणावळ चालवत होते आणि 'सत्यकथे'त कविता येत होती आरती प्रभू या नावानं. मी त्या गठ्ठ्यासमोर बसून बराच वेळ त्याच माणसाचा विचार करत होते. गिऱ्हाईकांची ताटं, उधारीची वही, चुलीचा धूर, आणि त्यातून उठून कुठल्याशा कोपऱ्यात त्यांनी कविता लिहिली असेल, असं मला दिसतं. पण हे मला आज दिसतं. ते नाव पहिल्यांदा वाचणाऱ्याला खाणावळ दिसायची काहीच सोय नव्हती, त्याच्यासमोर फक्त ओळी होत्या. समजा तेव्हा माझ्यासारखी कोणी शेवटच्या पानावर बसली असती आणि तिनं छापलं असतं, 'कुडाळ येथे खाणावळ चालवतात', तर पत्रं कशी आली असती?

तेव्हा एक गोष्ट आठवली आणि ती आठवायला इतके दिवस लागावेत याची लाज वाटली. माझ्या स्वतःच्या तीन कथा या अंकात आल्या आहेत. तिन्ही वेळा माझ्या नावापुढच्या दोन ओळी मीच लिहिल्या. 'कथालेखिका. लघुनियतकालिकांतून लेखन.' औषधनिर्माता हे मी लिहिलं नाही. एका कथेत दवाखाना होता तरी लिहिलं नाही. का, ते मला तेव्हा नीट माहीत होतं: वाचणारा म्हणेल, ही तिच्या कामावरचीच गोष्ट, बघितलं तसं उतरवलं. ती कथा मी एका वर्षात सात वेळा लिहिली होती. खिडकीमागे उभं राहून दिसतं त्यातलं काहीच तिच्यात तसंच्या तसं नव्हतं. माझ्या कामानं माझ्या कथेचं श्रेय घेऊ नये असं मला वाटलं, आणि ते मी सहज, न बोलता, कोणाचीही परवानगी न घेता करू शकले, कारण पान माझ्या हातात होतं.

त्याच्या हातात फक्त ती रेघ होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी फोन केला. आधी माफी मागितली. तो म्हणाला, "अहो तसं नाही ताई, मला काय लाज नाही त्याची. टोळीत समद्यांना दाखवला अंक." मग मी विचारलं, मग रेघ का ओढली होतीस? आमचं एकमेकांना अहो-जाहोच चालतं, पण त्या क्षणी तोंडातून तू निघालं आणि त्यालाही ते वावगं वाटलं नाही. तो सांगायला लागला. मुकादमाच्या वहीत त्यांची नोंद कशी असते ते. टोळीत इतके कोयते, असं लिहितात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल घेतली ती कोयत्यावर, हिशेब होतो तो कोयत्यावर, बायको आजारी पडून दोन दिवस बसली तर अर्धा कोयता बसला. "आमचा एक कोयता आहे ना ताई, त्यात अर्धी ती. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाही." मला आधी समजलंच नाही. मग तो हसला आणि म्हणाला, "मी म्हणतो, ऊसतोड म्हणायचं तर दोघांचं म्हणावं लागतंय. कविता एकट्याची आहे. म्हणून म्हटलं, तिथं ते नको."

मी हे कितीदा तरी मनात फिरवून पाहिलं आहे. मी समजत होते की त्याला कामाचं नाव नको. तो सांगत होता ते वेगळंच होतं, की ते काम त्याच्या एकट्याच्या नावावर लावता येत नाही. सहा महिने ज्या वहीत त्याचं नाव नसतं, तिथून तो पाच कविता घेऊन आला होता एका अशा पानाकडे, जिथं नाव एकट्याचं लागतं. मी त्या नावाशेजारी नेमकी ती वही आणून ठेवली. आणि तिच्यातलीही बायको पुसून.

"श्वास कुणाचा कमी पडतो त्या कवितेत?" मी विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही. तो म्हणाला, आईचा. कोपीतली गोष्टच नाही ती. लहानपणी गावातल्या घरी, हंगाम संपून आई-बाप परत आलेले असायचे तेव्हा, मुलगा रात्री उठून बघायचा की दोघं खरंच आहेत ना. "तवा मी आजीपाशी राहायचो. ते गेले की नुसती जागा राहायची." म्हणजे ऊस होता. कवितेच्या खाली कुठंतरी खोल होता. पण मी ज्या फडात त्याला उभं केलं होतं तिथं तो नव्हता. तो घरी होता, जागा, अंधारात, सहा-सात वर्षांचा.

त्यानंतर मी नमुना बदलला. व्यवसाय हा शब्द काढला आणि त्या जागी लिहिलं, 'आपल्याबद्दल काय छापावं?' खाली चार ओळी मोकळ्या. सरांना हे फारसं पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, माणसं भरकटतील, पुरस्कारांच्या याद्या पाठवतील. काहींनी पाठवल्याच. पण हवालदारांच्या मुलीनं, वडील गेल्यावर त्यांचे राहिलेले लेख पाठवताना लिहिलं, 'त्यांना दयाळ सगळ्यात आवडायचा.' ते तसंच छापलं. वाहक काकांनी चारही ओळी वापरून डेपोपासून बिल्ल्यापर्यंत सगळं लिहिलं, आणि तेही तसंच छापलं. त्यांना जे हवं आहे ते द्यायला मला आता अजिबात जड जात नाही, उलट प्रूफ वाचताना तो क्रमांक मी दोनदा तपासते.

अंक पाठवायची वेळ आली की आम्ही सरांच्या पडवीत बसतो, खळ, पत्त्यांच्या पट्ट्या, तिकिटं. छापील पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड सोय टपाल खात्यानं २०२४च्या डिसेंबरात बंद केली तेव्हापासून सर प्रत्येक पाकीट हातात तोलून बघतात, जणू हातानं वजन कमी होणार आहे. पत्ते चिकटवताना माणसं पुन्हा एकदा दिसतात, आणि दोन ओळींपेक्षा जास्त दिसतात. बहिणीचा पत्ता. वृद्धाश्रमाचा पत्ता, खोली क्रमांकासह. एक पत्ता दर वर्षी बदलणारा, भाड्याच्या घरांचा. आणि त्याचे, जे वर्षातून दोन असतात: पावसाळ्यात गावाचा, हंगामात कारखान्याच्या फाट्यावरच्या एका पंक्चरवाल्याचा, कारण कोपीला पत्ता नसतो.

या वेळी त्यानं चार कविता पाठवल्या. पुन्हा आखीव कागद, निळी शाई. त्यातल्या एकीत ऊस आहे. पहिल्या ओळीपासून आहे, पाचटासकट, पानांच्या धारेसकट, आणि मध्येच एक बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरमध्ये चढते तेव्हा तिच्या पावलाखाली ती फळी किती वाकते, एवढंच बघत कविता थांबते. चांगली आहे. बहुधा चौघींत तीच सगळ्यात चांगली. मी ती पाच-सहा वेळा वाचली तरी मला ठरवता आलं नाही की ती आपणहून आली, की त्या दोन ओळींनी आणि सहा पत्रांनी त्याच्याकडून मागून घेतली. त्याला विचारावं असं वाटलं, आणि विचारलं नाही. ती घ्यायची की नाही यावर सरांनी एक क्षणही घालवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

नमुन्यातल्या चारही मोकळ्या ओळींवर त्यानं पट्टीनं एकच तिरपी रेघ ओढली होती, वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत.

काल डीटीपीवाल्या मुलाचा फोन आला. पानं लागली होती, शेवटचं पान राहिलं होतं. "मॅडम, एका नावापुढं काहीच नाहीये. मजकूर यायचा राहिलाय का? जागा सोडून ठेवू?"

मी म्हणाले, राहिलेला नाही. जागा मात्र सोड.

"किती?"

"दोन ओळी."